अर्ध्या कटलेटची तपासणी

...आणि वर घरचे मलाच विचारतात, तुम्हाला कुणी सांगितलं होतं तपासायला? तुम्हाला सांगतो, मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत असतो, दिवसभर कुणाच्या तरी सॉसेजचा भुगा करून त्यात नेमका कोणता प्राणी आहे ते शोधतो, आणि घरी आमच्या हिच्या मावशी रोज संध्याकाळी पाकिटातली सोयाची कटलेटं खातात. चार. वीस वर्षं मांसाला शिवल्या नाहीत, एकदा डोळ्यांदेखत कोंबडी कापलेली पाहिली तेव्हापासून, आणि ही कटलेटं खाताना डोळे मिटून म्हणतात, "सोयालासुद्धा काय चव असते बाई." सोयाला? चव? मला कुतूहल वाटलं... आता मला सांगा, माझं काय चुकलं?

अर्धं कटलेट डबीत घालून नेलं. तळलेल्या भुग्यात काय कळणार, असं वाटेल तुम्हाला. पण वाटा, तळा, गोठवा, डीएनएचे बारीक तुकडे उरतातच, आणि यंत्र हवा तो तुकडा कोटी कोटी पट वाढवतं. पडद्यावर रेघ चढली की समजायचं, सापडला. बकरी? रेघ आडवी. डुक्कर? आडवी. कोंबडी... चढली हो, जिना चढावा तशी. म्हटलं, दुपारी आपणच चिकन खाल्लं, हात बरबटले असतील. म्हणून त्याच हातांनी नुसतं पाणी तपासलं, ते कोरं. दुसऱ्या दुकानातलं पाकीट आणलं, पुन्हा कोंबडी. मग साहेबांनी रीतसर नमुने मागवले. कारखान्याचा मालक घामाघूम, "आईशपथ साहेब, आम्ही सोयाच घालतो." खरं बोलत होता बिचारा. बाहेरून घेतलेली चवीची पावडर होती ना, कोंबडी तिच्यात. पाकिटं बाजारातून परत गेली. आता मला सांगा, माझं काय चुकलं?

राहिल्या मावशी. ही म्हणाली, "तोंड उघडलंत तर याद राखा. वीस वर्षांचा नेम आहे तिचा." पण मावशी रोज विचारणार, कटलेटं का आणत नाही, मी किती थापा मारू? समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मावशी ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "किती दिवसांपासून होती ती पावडर?"

"तीन वर्षं."

"म्हणजे मोडायचा तो नेम कधीच मोडला होता की. मग जावईबापू, जरा दम धरला असतात, तर निदान घरातलं शेवटचं पाकीट तरी संपवलं असतं मी."

शेवटचं पाकीट... ते मीच नमुना म्हणून जमा केलंय. सहीशिक्क्यानिशी. परत मिळत नाही.