विष्णुकाकाचा ब्लॅक मेटल

आमच्या विष्णुकाकाले ब्लॅक मेटल हे किंचाळून गायचं रॉक संगीत म्हणजे नुसती बोंबाबोंब वाटे. तरी त्यानं माह्याजवळून त्यातला सगळ्यात गाजलेला अल्बम मागून नेला अन् रानडुकरं हाकलाले महागावच्या वावरात भोंग्यावर लावला. डुकरं खरंच पळाले.

मले राग आला. "काका, नॉर्वेच्या या बँडवाल्या पोरांले दुनिया डोक्यावर घेते, अन् तू डुकरं हाकलून राह्यला!"

"मंग, माह्यं सोयाबीन वाचवून राह्यले ना ते!"

परवा मात्र डुकरांनी अर्धं सोयाबीन लोळवलं. मी इचारलं, "काहून, भोंगा बिघडला का?"

काका खाली पाहून म्हणे, "भोंग्यात ढोलवाल्याचा हात साफ ऐकू येत नाही बे. मी इअरफोन लावून बसलो होतो."