लुलूलू करायचा मान

इजिप्तमधल्या दमनहूर गावी भाकऱ्यांच्या रांगेत म्हातारी हग्गा नबविया पुढच्या दोघींचं बोलणं ऐकत होती.

"उम्म हिंद, काल सानवियाच्या परीक्षेचा निकाल लागला आणि तुझ्या गच्चीवरून आनंदाचं लुलूलूऽ आलं. तुझ्या हिंदला कॉलेज मिळणार म्हण की!"

"हिंद गेल्या वर्षापासूनच कॉलेजात आहे."

"मग काल बदकासारखं कोण ओरडत होतं?"

"तीच. पहिल्यांदाच केलं बिचारीनं."

"पोरीनं कशाला? लुलूलू करायचा मान परीक्षा देणाऱ्याच्या आईचा असतो."

"परीक्षा मीच दिली होती ना."

"तू? या वयात?"

"चांगली पास झालेय. आता वकिलीला जाणार."

"लबाडे! वर्षभर गुडघे दुखतात म्हणून खाली येत नव्हतीस ती अभ्यासासाठी होय!"

"नापास झाले असते तर तूच गल्लीभर केलं असतंस."

"केलं असतं. पण वकीलबाई, लुलूलू मात्र फुकट गेलं तुझं."

"काय करू? आई असती तर तिनंच केलं असतं."

मागून हग्गानं उम्म हिंदच्या पाठीत बोट खुपसलं.

"ए पोरी, धर माझी पिशवी."

आणि तोंडावर आडवा हात धरून म्हातारीनं अशी जीभ फिरवली, की समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.