परसातल्या ढिगात अळ्या पडल्या तवा

माझं माहेर तलवाड्याचं, दिली उमापूरला. लगीन झालं तसा मालकासंगं कोयता धरला, थंडी आली की ऊस तोडायला जायाचं अन् उन्हाळ्यात माघारी यायचं, त्यातच वय गेलं. मालक वारले, पोरगी दिंद्रुडला दिली, मग पाठ साथ देईना तवा तोडणी सोडली. घरामागं एवढीशी जागा हाय, तिथं वांगी लावली, मेथी लावली, अन् कोपऱ्यात खताचा ढीग घातला. शेण, पालापाचोळा, भाजीचे देठ, बस. त्याला वास न्हाई का काय न्हाई.

कंबरंएवढी भित हाय, तिच्यापल्याड माझी थोरली जाऊ, सुंदराक्का. तिची लेक मनी माझ्याच मांडीवर वाढली, काय सांगू तुमाला, माझ्या हातानं तिला घास भरवलेत.

पोरगी बाळंत झाली म्हणून मी दिंद्रुडला गेलते. माघारी येऊन बघते तर ढिगावर भात, वरण, मटणाची हाडं, समदं सडलेलं, अन् आत पांढऱ्या अळ्यांची नुसती वळवळ. माश्या तर अशा की तोंड उघडायची सोय न्हाई. आक्काच्या नातवाचं जावळ झालतं, त्यातलं उरलंसुरलं भितीवरून लोटलं व्हतं. मी म्हणलं, आक्का, हे कशापायी टाकलं, तर म्हणती, तू खतच करती न्हवं, मग कर.

दुसऱ्याच दिवशी मनीला बघायला पाव्हणे आले. पोह्यावर माश्या बसल्या, पोराच्या आईनं ताटली तशीच खाली ठेवली, चहा बी न घेता उठले. मग आक्का भितीपशी आली अन् समद्या गल्लीसमोर म्हणली, हिच्या घाणीनं माझ्या लेकीचं मोडलं. मी म्हणलं, टाकलं कुणी ते बी सांगा. आक्काचे मालक, माझे थोरले दीर म्हणले, गप बस, लई बोलू नको. गल्लीतलं एक माणूस माझ्या बाजूनं बोललं न्हाई, जावळाला तर समदेच जेवलते.

मग मी नाकाला पदर बांधला अन् ढीग उपसला. हाडं, भात वेचून लांब रानात खोल पुरलं. मधी दोनदा वकले. कोंबड्या सोडल्या, त्यांनी अळ्या टिपल्या. उरल्या ढिगात उसाचं कोरडं पाचट घातलं, वरखाली केला, वरून मातीचा थर दिला. ढीग आतून तापला, हळूहळू माश्या बी गेल्या. पर आक्काचं बोलणं बंद झालं ते झालंच. मनीचं दुसरीकडं जमलं, दारात मांडव पडला, गल्लीला आवतन, मला न्हाई. मी घरात बसून मंगलाष्टका ऐकल्या, तिथूनच चार दाणे तांदूळ टाकले.

आता मनी पहिल्या बाळंतपणाला आलीय. परवा भितीपशी आली अन् हळूच म्हणली, काकू, तुमच्या हातची वांगी खायाचा लई जीव करतोय. मी कवळी कवळी तोडून तिच्या ओच्यात घातली. ती घरात गेली, अन् जरा वेळानं एकेक वांगं भितीवरून माघारी आलं. आक्का आतून म्हणत व्हती, किड्याचं खाऊन पोटातल्याला काय करायचंय का. मनी काय बोलली ते ऐकू आलं न्हाई.

मी ती वांगी वेचली, धुतली अन् माझ्या एकटीपुरती भाजी केली.  मनी सुखरूप सुटावी, एवढंच म्हणते मी. लेकरू मला कोण दावणार हाय.