मागच्या सीटवरचा जोहार

एक इचारू तुमाले? वाघ समोर उभा राह्यला तं तुमी जास्त भ्याल, का मोबाईलवर चार ओळी आल्या तं? हासू नका, लगेच जवाब बी देऊ नका. आंधी माह्यं आयका. मी दोन्ही पाह्यलं हाय, आन् त्या चार ओळीच्या भेवानं मी वाघाच्या रस्त्यानं पायी चालत गेली हाय.

माह्यं नाव सगुणा मडावी. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या तिकडं, धानाच्या बांध्या संपल्या का झाडी सुरू होते, तिथी. मोहफुलं येचा, तेंदूपत्ता तोडा, आपल्या पेनाले, म्हणजे देवाले पुजा, भेटला त्याले जोहार करा, म्हणजे रामराम, असं आमचं चाले. आई लवकर गेली. मले बाबानंच वाढवलं, लच्चू नाव बाबाचं. मी झाली नव्हती तवाची गोष्ट, बाबानं घराच्या आड्यासाठी जंगलातून एक लाकूड आणलं, एकच, आन् खाकीवाले आले आन् त्यायनं बाबाचं चालान केलं. आमच्याकडं असंच म्हणते, चालान केलं. म्हणजे काय तं हाताले दोर बांधून चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या जेलात नेलं. घरी कोणाले मालूम नाई मानूस जित्ता हाय का मेला. सुटून आला, पर मूलच्या कोर्टातल्या पुढच्या तारखेले गेलाच नाई, भेवानं. तवापासून गावात खाकी कपडा दिसला का बाबा घरात झोपे नाई, शेतातल्या मचाणीवर जाऊन झोपे. मी लहान होती तं मले वाटे सगळ्यायचेच बाप असे पळत असतीन. शब्द तं पाहा कसा हाय, चालान. माह्या आंधी आमच्या घरात आला आन् गेलाच नाई.

नवरा गेला, लेकरू झालं नाई, मंग मी बाबाले घेऊन इकडं आली, चंद्रपूरच्या वीज कारखान्याची ऊर्जानगर कॉलनी हाय, तिच्या बाहेर बस्ती हाय तिथी राह्यतो. ठेकेदाराकडं झाडझुडीचं काम हाय माह्यं, क्वार्टरचे जिने, नाल्या, रस्ते. दिस उगवायच्या वक्ताले कामावर पोचा लागते, आन् मधात सगळी झुडपी, आन् त्या झुडपीत वाघ हाय, बिबट हाय, सगळ्यायले मालूम हाय. म्हणून तं मी स्कुटी घेतली. वरोऱ्याच्या एका मास्तरीनबाईची जुनी होती, कागद नावावर करून घेतले, लायसन काढलं, हेल्मेट घेतलं. काय सांगू तुमाले, त्या गाडीवर बसली का मी कोणाची बी नाई, माह्यी मी. बाबा मागं बसे तं सगळी बस्ती हासे, म्हणे, म्हाताऱ्या, पोरगी तुले राजावाणी फिरवून राह्यली.

तं झालं असं का मूलले नात्यातलं लगन होतं. मी आन् बाबा स्कुटीनं गेलो. माह्या डोक्शाले हेल्मेट, बाबाच्या डोक्शाले दुपट्टा. मूलच्या अलीकडं वळणावर एक पोलीस उभा होता, आमी समोरून गेलो, त्यानं काही थांबवलं नाई. थोडं पुढं गेलो तं बाबा मागून म्हणते, पोरी, तू पाह्यलं काय वं, त्या सायबानं मले जोहार केला. मी म्हटलं, कोन्या सायबानं? म्हणे, तो खाकीवाला, हात वर केला त्यानं माह्याकडं पाहून, मंग म्या बी मुरडून त्याले जोहार केला. लगनात त्यानं सगळ्यायले सांगतलं. जेवताना सांगतलं, निघताना सांगतलं. एका म्हातारीनं टोमणा मारला, लच्चूभाऊ, पुढच्या खेपेले तो तुले सलामीच देते का नाई पाह्य. बाबा हासला. साऱ्या जिंदगीत पह्यल्यांदा खाकी कपड्यानं त्याले हात दाखवला होता, मारासाठी नाई, जोहारासाठी. त्या दिसापासून बाबा रस्त्यात पोलीस दिसला का तोंड लपवे नाई. मले किती बरं वाटलं असन, तुमीच समजा.

मंग मेसेज आला. एक इंग्रजीत आधीच येऊन पडला होता, तो मी पाह्यलाच नाई, सिमवाल्यायचे येते तसा समजली. दुसरा मराठीत होता. जिन्यावर झाडू टेकवून वाचला. चालान होतं त्याच्यात, न्यायालय होतं, आन् हजर राहा होतं. बाकीचं डोळ्याले दिसलंच नाई.  तिथंच पायरीवर बसली.

घरी सांगाले नव्हतं पाह्यजे. पर बाबा माह्या तोंडाकडं पाहूनच म्हणे, काय झालं? मी म्हटलं, बाबा, चालान आला. बाबा उठला. काऊन, कसा, कायचा, काही इचारलं नाई. आंगणातली स्कुटी ढकलत मागं नेली, गोवऱ्याच्या ढिगाआड उभी केली, वरून बांबूचा तट्टा टाकला. तेवढ्यानं भेव गेलं नाई तं शेण कालवलं आन् गाडीच्या नंबरवर सारवलं, भिंत सारवते तसं, हातानं. म्हणे, आता वळखू येणार नाई. आन् मले म्हणे, पोरी, चालान आला म्हणजे घरी झोपायचं नाई. पर इथी मचाण कुठी हाय? इथी तं पत्र्याच्या खोल्या.

तुमी म्हणान, कोणाले दाखवलं काऊन नाई? कोणाले दाखवू? आमच्या संगच्या एका बाईले असाच चालानाचा मेसेज आला होता, तिनं त्याच्यावर बोट दाबलं आन् बँकेतलं होतं नव्हतं सगळं गेलं. तवापासून आमी बाया अशा मेसेजले इस्तवावाणी भेतो. खरा असन तं जेल, खोटा असन तं लूट. बोट कुठी ठेवाचं सांगा? आन् गेटपास नवा करायचा टाइम आला होता, त्याच्यासाठी पोलिसाचा दाखला लागते का या बाईवर केस नाई. केस असन तं पास नाई, पास नाई तं काम नाई. आन् मले नेलं तं बाबाले कोण पाहीन? हेच चाले डोक्शात. खाताना बी तेच.

तवापासून मी पायी जाऊन राह्यली होती. बाबा संगं येये, हातात काठी आन् डालड्याचा जुना डब्बा, वाजवत वाजवत. मी म्हणे, बाबा, तू नको येऊ, परत एकटा कसा जाशीन? तो आयके नाई.

एका सकाळी धुकं पडलं होतं. कारखान्याच्या धुराच्या चिमण्यायचे लाल दिवे तेवढे वर दिसत होते, खाली काहीच नाई. कारखान्याची राख नेणाऱ्या पाइपाजवळ बाबाचा डब्बा वाजाचा बंद झाला. मी मान वर केली. रस्त्याच्या मधात तो बसला होता. वाघ. बाबा नाव घेत नाई त्याचं, तो म्हणते. आमच्याकडं पाहून राह्यला होता.  बाबानं काय केलं असन? डब्बा हळूच खाली ठेवला, मले मागं सारलं, आन् हात जोडून जोहार केला. वाकून. तोंडातल्या तोंडात काही बोलला. तो बसला होता तसाच बसला, आन् मंग उठला, आंग ताणलं, आन् झुडपीत गेला. बस. पानाचा बी आवाज नाई झाला.

मी रस्त्यावरच बसली आन् रडाले लागली. बाबानं डब्बा उचलला आन् मले म्हणते, रडू नको वं. तो तं समोर येते. जोहार घेते आन् आपल्या वाटनं जाते. चालान काही समोर येत नाई.

हे आयकलं आन् मले काय झालं काय मालूम. मी कामावर गेली आन् शीलाताईले सगळं सांगून टाकलं. शीलाताई म्हणजे आमच्या मुकादमीन, जय भीमवाल्या, तोंडानं फटाकडी. त्या आंधी खूप बोलल्या मले. म्हणे, अवो बाई, तू वाघापुढं जाऊन उभी राह्यली पर माह्यापुढं मोबाईल घेऊन नाई आली? मी काय वाघापेक्षा वाईट हाव? मंग मोबाईल हातात घेतला, चष्मा लावला, अक्षर न् अक्षर वाचलं, पर बोट कशावर बी दाबलं नाई. म्हणे, इथी दाबाचं नाई, जिथी कागद हाय तिथी जाऊन पाहाचं. आपल्या बापाचं कोर्ट हाय ते, आपल्या घटनेनं उभं केलं, आपण तिथी चोरावाणी काऊन जावं?

दुसऱ्या दिशी आमी तिघं चंद्रपूरच्या कोर्टात. बाबाच्या काखेत गाठोडं होतं. शीलाताईनं इचारलं, बाबा, हे काय गा? बाबा म्हणे, घोंगडी हाय, लोटा हाय, तंबाखू हाय. पोरीच्या बदल्यात मले नेतीन. मले तिथचं राहाणं मालूम हाय, तिले नाई मालूम.  फाटकात एक मानूस जवळ आला, म्हणे, चालान हाय काय, वारंट निघालं असन, म्हाताऱ्याले आत टाकतीन, चला मी मिटवतो. बाबा झाडाले चिपकला. शीलाताई फिरल्या त्याच्यावर. वारंट तुमी डोळ्यानं पाह्यलं काय? नाई ना? मंग काऊन भेव इकता इथी उभं राहून? तो निघून गेला. तो असा रोज किती जणायले भेवाडत असन?

आत एक खिडकी हाय, कम्प्युटरवर केस पाहून देते, फुकट. मॅडम होत्या, बऱ्या होत्या. गाडीचा नंबर घातला, माह्यं नाव घातलं. म्हणाल्या, तुमच्यावर केस दाखलच नाही. ही लोक अदालतीची सूचना आहे, दंड भरा नाहीतर येऊन म्हणणं मांडा, एवढंच. याच्यात अटक नाही. मी परत इचारलं. त्यायनं परत सांगतलं. अटक नाही. मंग बाबा खिडकीले तोंड लावून म्हणे, मॅडम, माह्यं बी पाहा ना. लच्चू मडावी, मूलच्या तिकडचा, ही पोरगी झाली नव्हती तवाचं. त्यायनं पाह्यलं. म्हणाल्या, बाबा, तुमचं नाव इथे दिसत नाही. पण इतकं जुनं याच्यात नसतं, मूलच्या कोर्टात अर्ज करून पाहावं लागेल. बाबा म्हणे, म्हणजे हाय का नाई ते तुमाले बी मालूम नाई. मॅडम म्हणाल्या, नाही सांगता येत. बाबा म्हणे, मंग मी कोणापासून लपत होतो?



शीलाताईनं इचारलं, पर दंड कायचा, ते तं पाहा. मॅडमनं चालानाचा नंबर टाकला, फोटो आला, आन् कम्प्युटर आमच्याकडं फिरवला.

फोटोत माह्यी पाठ होती. हेल्मेट होतं. नंबर साफ दिसत होता. आन् मागच्या सीटवर बाबा, डोक्शाले दुपट्टा, पूर्ण मुरडून मागं पाहून राह्यलेला, एक हात सीटले धरलेला, दुसरा कपाळाले लावलेला. हासत होता. जोहार करून राह्यला होता.

मॅडमनं वाचलं, मागे बसणाऱ्याला हेल्मेट नाही.

बाबानं तोंड कम्प्युटरजवळ नेलं. मंग म्हणे, हा तं मी होय.  मंग म्हणे, त्या खाकीवाल्याच्या हातात काय होतं वं?  शीलाताईनंच सांगतलं, मोबाईल होता, बाबा, त्याच्यानंच हा फोटो काढला. बाबा म्हणे, हाव. मले वाटलं, नुसता हात होता.

दंड आमी भरला, पावती घेतली. कायदा होता, चूक आमची होती, दुसरं हेल्मेट घ्याले पाह्यजे होतं, आता घेतलं. नंबरवरचं शेण मी रगडून धुतलं, शीलाताई म्हणे, हे दिसलं असतं तं याचा दुसरा चालान आला असता. गेटपास झाला. कागदाची गोष्ट संपली.

पर भेव संपलं, असं मी तुमाले म्हणणार नाई. माह्या मोबाईलची घंटी वाजली का बाबा अजून दाराकडं पाह्यते. मूलच्या कोर्टात अर्ज करू म्हटलं तं म्हणते, झोपलेल्याले काऊन उठवतं? गाठोडं त्यानं सोडलं नाई, खुंटीले टांगलं हाय. आन् स्कुटीवर बसला का हेल्मेट घालते, दोन्ही हातानं मले धरते, मान खाली. खांबावरचा कॅमेरा दिसला का आणखी खाली. आता तो रस्त्यात कोणाले बी जोहार करत नाई. वाघाले करीन, मानसाले नाई.

तुमी लिहिणारे, वाचणारे लोक, म्हणून एक मागते. तुमच्या बस्तीत, कामावर, शेजारी कोणाले असा मेसेज आला तं त्याच्याजवळ बसा. बोट दाबू नका, वाचून दाखवा, खिडकीपर्यंत संगं जा, आन् सगळ्यात आंधी सांगा का याच्यात अटक नाई. ते पह्यले सांगा, बाकी मंग. आन् आमच्याकडच्या रस्त्यानं कवा आले, आन् एखाद्या गाडीवर मागं बसलेला म्हातारा तुमाले पाहून कपाळाले हात लावताना दिसला, तं मोबाईल खिशात ठेवा आन् हात वर करा. रिकामा हात. त्याले दिसला पाह्यजे, एवढा वर.