सर आत का गेले

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती कोचसर, वहिनी, आणि समोर बसलेले क्रीडारसिक हो,

आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवतो. व्यासपीठावरच्या खुर्च्या बास्केटबॉलपटूंच्या मापाच्या आहेत. पाऊण तास माझे पाय अधांतरी लोंबकळत होते. अशा माणसाकडून संतुलित भाषणाची अपेक्षा आयोजकांनी करू नये.

सरांनी एकोणीस वर्षं संघ घडवले, बारा वर्षं दूरचित्रवाणीवर सामन्यांचं विश्लेषण केलं. आज वाहिनी त्यांना निरोप देते आहे. प्रेक्षकांना आता 'धारदार' माणूस हवा, असं निर्माते मघाशी फार गोड शब्दांत म्हणाले. खरंच आहे. कुठल्याही कोचचा निर्णय फसला की सर म्हणायचे, "त्यांना तिथून काय दिसलं, ते मला इथून दिसत नाही." बारा वर्षं हेच! मीच वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात त्यांना 'मवाळ पक्षाचे अखेरचे पुढारी' म्हटलं होतं.

पण सर मैदान सोडून स्टुडिओत आले कसे? इथे माझा संबंध येतो.

अंतिम सामना. बरोबरी, आठ सेकंद शिल्लक, चेंडू आपल्याकडे, टाइमआउट संपलेले. आणि खेळ चालू असताना सर सरळ कोर्टात घुसले. शिट्टी वाजली, समोरच्यांना एक फ्री थ्रो मिळाला, आपण एका गुणाने हरलो. मी मथळा दिला, 'कोचचा तोल गेला, करंडकही गेला.' स्वतःवर भलताच खूश होतो. तेच कात्रण पुढे ठेवून महिन्याभरात संघाच्या कार्यकारिणीने सरांना घरी बसवलं. पुन्हा एकाही संघाने त्यांना बोलावलं नाही.

गेल्या रविवारी या भाषणासाठी किस्से गोळा करायला त्यांच्या घरी गेलो. चहा पिता पिता सहज विचारलं, "सर, त्या दिवशी आत का गेलात हो?"

आतून वहिनी म्हणाल्या, "बारा वर्षांनी सुचलं का, भावोजी?"

"अगं, जाऊ दे."

"का जाऊ दे? सांगा की!"

सरांनी कप खाली ठेवला. "कप्तानाच्या डोक्याला कोपर लागलं होतं. पंचांना दिसलं नाही. चेंडू घेऊन माझ्यासमोरून जाताना म्हणाला, सर, आपली बास्केट कुठली? अशा पोराला कसा खेळू देणार?"

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. हरल्यावर आपणहून सांगितलं की ती सबब होते."

सर मानेने 'नको' म्हणताहेत. माफ करा, सर. तो कप्तान आज पाचव्या रांगेत बसला आहे. त्याला ती शेवटची मिनिटं आठवतच नाहीत. त्यालाही हे आत्ताच कळतंय.

तरुणपणी एका शास्त्रीबुवांकडे न्यायशास्त्र, म्हणजे जुनं तर्कशास्त्र, शिकायला जायचो; पहिल्याच आठवड्यात मी घोकलं होतं, डोळ्यांनी पाहिलेलं प्रत्यक्ष वेगळं, तर्काने काढलेलं अनुमान वेगळं. पत्रकारकक्षात बसून मी अनुमान केलं आणि प्रत्यक्ष म्हणून छापलं. सर ऐंशी पावलांवर होते. जाऊन विचारायला दोन मिनिटं लागली असती. उद्याच्या अंकात खरं ते येईल, पण त्याने बारा मोसम परत यायचे नाहीत.

आयोजकांचा, आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. छापण्यात झालं ते घाला असं मात्र म्हणवत नाही. अठ्ठावीस वर्षांत मी आणखी किती जणांना न विचारता निकालात काढलं, मला माहीत नाही. जुनी कात्रणं घरी कपाटात आहेत. रविवारपासून ते कपाट उघडायची मला भीती वाटते.