पुलावरचा गॉर्म

ब्रॉन: ...आणि हेही तसलंच. पहिले काही दिवस फुकट, मग महिन्याला वर्गणी. लॅकलन, जरा टेकशील का? तुझ्या येरझाऱ्यांनी व्हरांड्याच्या फळ्या उठतायत.

लॅकलन: टेकून काय करू? सोड ते. मी स्वतः घेऊन बघितलं की एक. खेळातलं पात्र बनवायचं सगळ्यात भारी ॲप म्हणे. पैसे भरले, आणि फोन मला वाचून काय दाखवतो, तर 'बटण, चित्र, बटण, बटण'. डोळेवाल्यांसाठी केलेलं असतं सगळं.

ब्रॉन: म्हणून तर शोधतेय. नजर गेल्यापासून पात्राचा कागद तुला वाचता येत नाही. फोन धड वाचून दाखवेल आणि तुझ्या पेन्शनीत बसेल, असं काहीतरी असेलच.

लॅकलन: असेल. पण मी आज जाणारच नाहीये.

ब्रॉन: सेमिसी न्यायला येईल इतक्यात.

लॅकलन: येऊ दे. सांग, त्याला बरं नाही.

ब्रॉन: माझ्या भावाला मी ओळखते. लायसन्स गेलं, पॅकिंग शेडमधलं फोर्कलिफ्टचं काम गेलं, तरी शनिवारचा खेळ तू चुकवला नाहीस. सकाळपासून बूट घालून बसायचास. गेल्या शनिवारी काय झालं?

लॅकलन: तुला खेळ कळत नाही.

ब्रॉन: इतपत कळतो. सेमिसी गोष्ट सांगतो, तुम्ही सगळे त्यातली माणसं होता. काही अवघड करायचं झालं की तो वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. आणि तुझा तो बुटका लोहार, गॉर्म.

लॅकलन: बुटका म्हणू नकोस. शाळेपासूनचा आहे तो माझा.

ब्रॉन: बरं, नाही म्हणत. सांग.

लॅकलन: गॉर्म दोरीच्या पुलावर होता. मागून पूल पेटलेला, मधल्या फळ्या गायब. उडी मारायची होती. मी फासा टाकला, आणि आमच्यातली टेस आकडा बघून म्हणाली, सतरा. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. सेमिसीनं ती उडी अशी रंगवून सांगितली की मलाच भरून आलं. मग फासा उचलताना सहज बोट फिरवलं. आईनं नाताळला दिलेला तो मोठा फासा, खोल कोरलेल्या आकड्यांचा. वर तीन होते.

ब्रॉन: बोटाला चुकीचं लागलं असेल.

लॅकलन: परत फिरवलं की. आणि पाठीवरचे हात एकदम मागे गेले, ब्रॉन. माझं बोट बघत होते सगळे.

ब्रॉन: मग तू काय म्हणालास?

लॅकलन: सेमिसीच्या आईनं लू केलं होतं, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, ते खाल्लं. छान झालंय म्हणालो. घरी आलो. तेव्हापासून डोक्यात एकच. आधीचे किती आकडे खोटे होते? मी जे जे जिंकलो, त्यातलं माझं काय?

ब्रॉन: मी सेमिसीला फोन केला होता.

लॅकलन: कुणी सांगितलं होतं?

ब्रॉन: कुणी सांगायला कशाला पाहिजे? आठवडाभर तू जेवत नाहीस, या घरात नुसता फिरतोयस. तो म्हणाला, तुझं लायसन्स गेलं त्याच आठवड्यात गॉर्म मरायला आला होता. तेव्हा त्याला मारणं कुणाच्या जिवावर आलं. टेसनं आकडा वाढवून सांगितला, बाकीच्यांनी ऐकून घेतला. पुढच्या शनिवारी खरं बोलायला सुरुवात कशी करायची तेच कुणाला कळेना. असं करत करत चालूच राहिलं म्हणाला.

लॅकलन: म्हणजे तेव्हापासून मी खेळतच नाहीये. मला खेळवतायत.

ब्रॉन: मीही त्याला तेच सुनावलं. जरा वेगळ्या शब्दांत.

लॅकलन: त्यानं काय म्हटलं?

ब्रॉन: रडला. एवढा आडदांड माणूस, मलाच कसंतरी झालं. ...थांब. हे बघ. म्हणजे ऐक. यात चित्रं नाहीत, नुसते प्रश्न आहेत. पर्थमधल्या एका बाईनं केलंय. तिलाही दिसत नाही, असं लिहिलंय. पैसे मागत नाही. जमलं तर द्या, नाहीतर तसंच खेळा, म्हणते.

लॅकलन: फुकटचं म्हणजे मधेमधे जाहिराती लागतील.

ब्रॉन: तुझी किरकिर खिशात ठेव आणि हे धर.

फोन: नवीन पात्र. पात्र कोण आहे? माणूस. खुजा. राक्षस. तुमचं उत्तर बोला.

लॅकलन: सगळं वाचलं की यानं.

ब्रॉन: मग आता गॉर्मला घाल यात. त्याचं सगळं तुला पाठ आहे. तू बोल, हवं तर मी लिहिते.

लॅकलन: गॉर्म नको. गॉर्म त्या पुलावरून पडला.

ब्रॉन: लॅक, तसं करायलाच पाहिजे असं काही नाही.

लॅकलन: माणूस.

फोन: माणूस. ताकदीसाठी फासे टाकले. ताकद, सहा.

ब्रॉन: सहा म्हणजे कमी ना? इथं परत टाकायचं बटण आहे.

लॅकलन: हात लावू नकोस. सहा तर सहा.

ब्रॉन: असला काडीपैलवान घेऊन लढायला जाणार?

लॅकलन: लढणार नाही तो. बोलून सुटेल. तुझ्यासारखा. याचा आवाज अजून मोठा होतो का? आकडा सगळ्या टेबलाला ऐकू गेला पाहिजे. मला आणि त्यांना एकदमच.

ब्रॉन: शेजारची कुत्री भुंकतील इतका होतो. ...बसलास एकदाचा.

लॅकलन: गप. पुढचा प्रश्न ऐकू दे.

(बाहेर हॉर्न वाजतो. थोड्या वेळानं फाटक उघडल्याचा आवाज.)

सेमिसी: ब्रॉन, येतोय का तो? नसेल यायचं तर राहू दे. मी इथं उभा राहून बोलतो आणि जातो.

लॅकलन: येतोय. पण आज सुरुवात पुलापासून.

सेमिसी: लॅक, आम्ही काय केलं ते...

लॅकलन: तीन आले होते ना?

सेमिसी: हो. तीन आले होते.

लॅकलन: मग तीन आल्यावर काय होतं ते सांग. नीट सांग. उडी जशी सांगितलीस तसंच. उरकून टाकू नकोस.

सेमिसी: खाली नदी ठेवली होती मी. खडकांची.

लॅकलन: असू दे.

सेमिसी: टेसला जमणार नाही ते ऐकायला. सकाळपासून विचारतेय, तो येईल का, आला तर काय बोलू.

लॅकलन: तिला रडायचं तर रडू दे. आकडा मात्र आता फोन सांगेल. नवीन माणूस आणलाय मी. पहिल्याच दिवशी मेला तरी चालेल, पण त्याचा तो मेला पाहिजे.

सेमिसी: बरं.

लॅकलन: आणि माझा राग अजून गेलेला नाही.

सेमिसी: कळतंय. तुझ्या जागी मी असतो तर आलोच नसतो.

लॅकलन: हे इंजिन तुझं नाही. काय आणलंयस?

सेमिसी: भावाचा ट्रक, द्राक्षमळ्यातला. माझी गाडी या उन्हात बंद पडली. हा चढायला उंच आहे, आण तुझा हात.

लॅकलन: हात नको. नुसतं सांग.

सेमिसी: पाय वर घे. अजून. थोडा उजवीकडे.

लॅकलन: इथं?

सेमिसी: नाही. चुकला. परत ठेव.