लिफ्टमधून कुणी परत येत नाही

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, लेखनापासून रंगभूषेपर्यंत आमच्या मालिकेच्या सगळ्या विभागांतले सहकारी, पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान आणि लेक, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मित्रांनो,

आज आपल्या प्रमुख लेखिका निवृत्त होत आहेत. सगळा स्टुडिओ त्यांना समोर 'ताई' म्हणतो आणि पाठीमागे 'कायदेताई'. ताई, तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं तर!

मी या मालिकेचा दिग्दर्शक. चौदा वर्षं त्यांनी लिहिलं आणि मी ते पडद्यावर आणलं. सोप्या भाषेत सांगायचं तर चौदा वर्षं आम्ही भांडलो.

पाहुण्यांपैकी कुणी आमची मालिका पाहिली नसेल, तर थोडक्यात सांगतो. एका ओस पडलेल्या इमारतीत जुनी लिफ्ट आहे. बटण दाबलं की मजला येत नाही, जुनं साल येतं. एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची भाची तिच्यातून मागच्या काळात जातात, आणि प्रत्येक सालात एखादं अडकलेलं भूत त्यांची वाट बघत असतं.

पहिल्याच बैठकीत मी मोठ्या हौसेनं एक कल्पना मांडली. आरशातून भूत बाहेर येतं, सगळे किंचाळतात. ताईंनी चष्मा काढला. ''त्या भुताला हवंय काय?''

म्हटलं, ''भुताला काय हवं असणार? घाबरवायचंय.''

''मग ते भूत नाही, टवाळखोर आहे.''

झालं! त्या दिवसापासून आमच्याकडे विनाकारण एकही भूत फिरकलं नाही. ताईंचा दुसरा कायदा याहून कडक होता. मागच्या काळात जाऊन मेलेल्या माणसाला बघता येईल, पण परत आणता येणार नाही. त्या म्हणायच्या, ''मेलेला माणूस पुढच्या सोमवारी परत येणार असेल, तर या सोमवारी लोकांनी रडायचं कशाला?''

तेव्हा मला तो लेखिकेचा हट्ट वाटायचा. खोटं कशाला बोलू?

सातव्या वर्षी आमचे मास्तर गेले. शिक्षकाचं काम करणारे नट. चित्रीकरणाबाहेरही आम्ही त्यांना मास्तरच म्हणायचो. रुग्णालयात नेलं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. वाहिनीच्या तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी (अध्यक्षमहोदय, तुम्ही तेव्हा त्या खुर्चीत नव्हता, म्हणून तर मी बिनधास्त बोलतोय) बैठक बोलावली. ''काळप्रवासाची मालिका आहे ना? मग जुन्या सालातले मास्तर उचला आणि लिफ्टमध्ये बसवा. त्यांच्या अंगलटीचा माणूस बघू, पाठमोरा दाखवू.''

ताईंनी सरळ राजीनामा टेबलावर ठेवला.

आणि मी? मी 'हो' म्हणालो. मालिका बंद पडेल याची धास्ती होतीच. पण खरं सांगू? मास्तरांचा तो तपकिरी कोट मला पुन्हा एकदा कॅमेऱ्यातून बघायचा होता.

त्या पाठमोऱ्या माणसाच्या चाचणीचा दिवस ठरला. दुपारची वेळ होती. मास्तरांचा कोट आणि टोपी घालून एक गृहस्थ लिफ्टपुढे आमच्याकडे पाठ करून उभे होते. नेमक्या त्याच दुपारी मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, रंगभूषेच्या खोलीतलं त्यांचं सामान न्यायला आल्या. चष्म्याची डबी, दाढीचा आरसा, एक टॉवेल. त्या खोलीकडे जायची वाट आमच्या सेटवरूनच होती, आणि त्या येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या थबकल्या. घरात हाक मारावी तशी हळूच हाक आली, ''अहो... जेवलात का?''

ते गृहस्थ वळले. चेहरा परका. बिचाऱ्यांनी हात जोडले. वहिनी म्हणाल्या, ''माफ करा हं, माझीच चूक झाली.''

मंडळी, त्यांनी आमची माफी मागितली! इतकी वर्षं लोकांना घाबरवणारा मी, त्या दिवशी स्वतःच्या चित्रचौकटीला घाबरलो.

ताईंचा राजीनामा अजून मंजूर झाला नव्हता; त्या लेखनकक्षातून धावत आल्या आणि वहिनींना धरून आत घेऊन गेल्या. एका स्वल्पविरामासाठी माझ्याशी तासभर हुज्जत घालणारी ही बाई त्या दिवशी मला एक शब्दही बोलली नाही. बऱ्याच वेळानं वहिनी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, ''भाऊजी, ते परत यावेत असं मला वाटत नाही का? पण असे नकोत.''

मी चाचणी रद्द केली आणि अधिकाऱ्यांना तसं कळवलं. ताईंनी तीन दिवसांत नवा भाग लिहिला. भाची एकटीच लिफ्टमध्ये शिरते आणि मामा हयात असलेलं साल दाबते. समोर वर्गाचं बंद दार, आतून मामांचा आवाज. दाराशी त्या सालात अडकलेली एक बाई उभी. ती कुजबुजते, ''कडी काढ. नेऊ देते मी त्याला.'' भाची विचारते, ''त्याच्या बदल्यात तुला काय हवंय?'' बाई म्हणते, ''तू इथे राहा.'' भाचीचा हात कडीपर्यंत जातो आणि थांबतो. ती दाराला कान लावून ऐकते, पोटभर ऐकते, आणि परत फिरते. विजेचा कडकडाट नाही, किंकाळी नाही.

मामांचा तो आवाज तालमीच्या एका जुन्या फितीतला होता. वहिनींनीच निवडलेला. मास्तर वाक्य विसरतात, खोकतात आणि हसत म्हणतात, ''थांबा, थांबा, परत घेऊ.'' आमच्या ध्वनिमुद्रकानं खोकला साफ केला होता. वहिनींनी तो परत घालायला लावला. ''तो काढलात तर हे कोण?'' असं म्हणाल्या.

तो भाग पाहून अधिकाऱ्यांनी आपला हट्ट सोडला, ताईंचा राजीनामा फाडला गेला आणि मालिका आणखी सात वर्षं चालली. भीती मरणाची नसते, मरण खोटं पाडण्याची असते, हे मला ताईंनी शिकवलं. त्यांच्या जागी येणाऱ्या लेखकांना माझी विनंती आहे, माझ्याशी भांडा. मला सवय आहे आणि गरजही आहे.

अध्यक्षमहोदयांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. बोलण्यातल्या चुका तुम्ही पोटात घालालच. पण तो कोट मी एका परक्या माणसाच्या अंगावर चढवला, त्याची माफी मी आजवर मागितली नाही, आणि या दोघींनी ती कधी मागायला लावली नाही. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, ताई, सगळ्यांसमोर मागतो. मला क्षमा करा.